इंदापूरची सारावाढ आणि १८६५ नंतरचे शेतकरी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.
कालच्या रविवार पुरवणीतला दख्खनच्या जमाबंदीवरचा लेख वाचून राहवले नाही. विंगेट-गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनी मोजून शेतसारा ठरवला, त्या पाहणीनंतर सरकारचा महसूल वाढत गेला, म्हणून शेतकरी सुखी झाला, असा लेखकाचा निष्कर्ष. आधीच्या प्रिंगल या अधिकाऱ्याने ठरवलेले साऱ्याचे जबर दर खाली आणल्यावर पडीक जमीन वहिवाटीस आली, हे खरेच. पुढे अमेरिकेतल्या युद्धाने कापूस महागला. पण लेख १८६५ ला थांबतो. कापूस कोसळला तो त्याच साली!

विंगेट-गोल्डस्मिड पाहणीत ठरलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत सरली आणि १८६७ पासून इंदापुरात फेरपाहणी सुरू झाली. तेजीतल्या भावांवर ठरवलेला सारा मंदीत वसूल होऊ लागला. हप्ता रोख आणि ठरल्या तारखेला. माल विकला जावो न जावो, सावकाराकडे कर्जखत लिहून द्यायचे आणि सरकारचे भरायचे. अशा वर्षी महसुलाचा आकडा भरलेलाच दिसणार, कारण तो कर्जातून भरलेला! ओरड इतकी झाली की १८७४ मध्ये मुंबई सरकारला वाढीवर मर्यादा घालावी लागली: तालुक्याला ३३ टक्के, गावाला ६६, एका खातेदाराला १००. म्हणजे मर्यादेतही एखाद्याचा सारा दुप्पट होऊ शकत होता. पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात सावकारांची कर्जखते जळाली. यातले एक अक्षर लेखात नाही.

माझे आजोळ त्याच भागातले. आजोळच्या जमिनीवर तेव्हा किती सारा चढला, ते पाहायला मी एका अभिलेख कक्षात गेलो. अर्ज दिला, शुल्क भरले, हेलपाटे घातले. अखेर जुन्या कागदांचा बस्ता समोर आला तो वाळवीने चाळण झालेला. तिथल्या कर्मचाऱ्याने तो तसाच बांधून परत फडताळात ठेवला. कोणा घराने किती भरले, ते सांगणारे कागद असे मातीत चालले आहेत, याचा मला संताप येतो. आपल्या वृत्तपत्राने यावर लिहावे, ही कळकळीची विनंती.

आणखी एक. लेखासोबतच्या नकाशात सुपे सोलापूर जिल्ह्यात दाखवले आहे. ते पुणे जिल्ह्यात, आजच्या बारामती तालुक्यात येते. दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, दौंड