लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दादांचे मनापासून आभार

बाबांच्या कॉम्प्युटरला दुसरी हार्ड डिस्क जोडली आणि तो सुरूच होईना, काळ्या स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकतोय. बाबांचे सोसायटीचे सगळे हिशोब त्यात, आणि घराजवळचा दुकानदार बघितल्या बघितल्या म्हणाला फॉरमॅट करावं लागेल. पोटात गोळाच आला. सीपीयू उचलून तसाच मुंबईतला कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला.

तिथे एका छोट्या गाळ्यातल्या दादांनी आधी बाबांना बसायला स्टूल दिलं, म्हणाले काका डेटा कुठेही जात नाही, घाबरू नका. नंतर जोडलेल्या डिस्कची साटा केबल (डिस्क कॉम्प्युटरला जोडणारी वायर) काढली तर विंडोज लगेच चालू! मग केबल परत लावून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये गेले. ही दुसरी डिस्क जुन्या मशीनमधली, बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं त्या यादीत, तीच वर जाऊन बसलेली, आणि तिच्यावर विंडोज नाहीच तर सुरू काय होणार. बाबांची डिस्क पहिली केली, सेव्ह केलं, झालं.

वर दोन्ही केबलवर मार्करने 'विंडोज' आणि 'डेटा' असं मराठीत लिहून दिलं, बाबांना वाचता यावं म्हणून. पैसे विचारले तर काहीच घेतले नाहीत. दादा, नाव विचारायचं राहिलं, पण बाबा रोज तुमची आठवण काढतात. खूप खूप थँक्यू!