माजघर नको, गोठा घे

चि. बाळा यास अनेक आशीर्वाद.

माजघराची भिंत पाडून स्टुडिओ करायचा म्हणालास, तेव्हा फोनवर मला काही बोलवेना. घर तुझंच आहे रे. इथे येऊन राहतोस यातच मला सगळं मिळालं. पण चित्रांसाठी माजघर नको, गोठा घे.

माजघर मुळात काळोखाचंच बांधलेलं. बाळंतिणीला नि भाताच्या कणगीला ते बरं. गोठ्याची लांब भिंत उत्तरेला आहे. उत्तरेच्या उजेडात रंग दिवसभर सारखे दिसतात, हे तूच मला सांगितलंस. मे-जूनमध्ये सूर्य तिकडे कलतो खरा, पण वळचण हातभर पुढे काढलीस की ते ऊनही बरंचसं अडेल. खिडकी मोठी काढ, मात्र आधी वर तुळई बसू दे, मग खालचे चिरे काढ. शिवाय छपरात चार काचेची कौलं घाल.

सिमेंटचा गिलावा मात्र करू नकोस. न्हाणीघराच्या भिंतीला आपण केला होता, आठवतं? तिसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे धरून खाली आला. जांभा पाणी पितो, त्याला ते बाहेर टाकायला वाट लागते. चुन्यातून ती मिळते, सिमेंटमधून नाही. त्याच भिंतीला लागून कपाट होतं, त्यात तुझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या वह्या होत्या. परवा काढल्या तर पानं एकमेकांना चिकटलेली, तुझ्या निळ्या समुद्रावर बुरशीचे काळे ठिपके. मी एकेक पान सोडवून उन्हात ठेवलं. दोनच चित्रं वाचली. म्हणून सांगते, कागद नि कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नकोस, फळीवर, हवेशीर ठेव.

जमिनीला फरशी घाल, सारवण आता कोण करणार? पण गव्हाण फोडू नकोस. तिच्या कडेचा चिरा आपल्या चांदी गाईच्या मानेनं घासून घासून गुळगुळीत झालाय, हात फिरवला तर कळतं. ती गेल्यापासून मी तिथे दिवा लावते. तुझ्या रंगांच्या बाटल्या तिच्यात छान मावतील.

शाकारणीला माणसं अक्षय्य तृतीयेनंतर येणार आहेत. त्याआधी ये. काचेची कौलं कुठे हवीत ते खाली उभं राहून तूच दाखव.

तुझी,
आई