सहा महिन्यांत नर्स होत नाही

संपादक महोदय, स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतरच्या आपल्या पुरवणीत अभ्यासक्रमांच्या तक्त्यात ‘नर्सिंग : ६ महिने ते ४ वर्षे’ एवढी एकच ओळ होती. सरकारी रुग्णालयात आधी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि मग परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) म्हणून माझी सारी नोकरी झाली. ती ओळ वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

माझी भाची कला शाखेतून बारावी झाली. ‘आर्ट्सवाल्यांना नर्सिंग मिळत नाही’ असे कुणीतरी ठणकावून सांगितले, म्हणून तिने तालुक्यातल्या एका संस्थेत वर्षाचा ‘नर्सिंग डिप्लोमा’ केला. फी भरली, पांढरा गणवेश शिवला, प्रमाणपत्र मिळाले. एका खासगी दवाखान्यात लागलीसुद्धा; पेशंट सिस्टर म्हणू लागले. (दवाखान्यात गणवेश दिसला की आपण सगळ्यांनाच सिस्टर म्हणतो!) दोन वर्षांनी सरकारी भरती निघाली, तिच्यात महाराष्ट्र परिचर्या परिषदेची, म्हणजे राज्यातल्या नर्सची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी मागितली होती. ती तिच्या कागदावर मिळणारच नव्हती. मग मावशीची आठवण झाली.

खरे तर आर्ट्सच्या मुलीला दार उघडेच होते. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम (आमच्या वेळी साडेतीन वर्षांचा होता) कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर करता येतो; इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण हवेत. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागते, ४५ टक्के लागतात आणि आपल्या राज्यात सीईटीही द्यावी लागते. अकरावीला शाखा निवडताना हे घरात कुणाच्या ध्यानात येत नाही.

जीएनएम म्हणजे दुय्यम, असे पालक मला सर्रास ऐकवतात. पण जीएनएम काय किंवा बी.एस्सी. काय, परिषदेकडे दोघींची नोंद परिचारिका (नर्स) आणि प्रसविका (मिडवाइफ) म्हणूनच होते आणि वॉर्डात रात्रपाळीला दोघी शेजारी उभ्या असतात. पुढे पदवी हवीच असेल तर जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. मी ते अडतिसाव्या वर्षी केले, मुलाची दहावी सांभाळून. त्यानंतर एम.एस्सी.ही करता येते. मध्यंतरी जीएनएम बंद करण्याचे घाटत होते, म्हणून बरेच जण अजून बिचकतात. पण ते चालू आहे.

दोन वर्षांचे एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) वेगळे. उपकेंद्रात लसीकरण करणारी, गरोदर बायांची नोंद ठेवणारी आरोग्यसेविका त्यातून तयार होते. तिचीही नोंदणी होते, पण एएनएम म्हणून, आणि तिला पुढे जीएनएमला प्रवेश घेता येतो. रुग्णसेवा सहायकाच्या सहा महिन्यांच्या कोर्सला मी नावे ठेवत नाही, तेही कष्टाचेच काम आहे. पण तो कोर्स करून नर्स होता येत नाही आणि हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही.

भाची आता जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या मुली तिच्याहून तीन-चार वर्षांनी लहान, त्या तिला ताई म्हणतात.

पुढच्या वर्षी तक्ता छापताना प्रत्येक अभ्यासक्रमासमोर आणखी एक रकाना ठेवावा, ही विनंती : ‘परिषदेची नोंदणी मिळते का? होय / नाही.’

– एक निवृत्त परिसेविका, सातारा