राखेच्या ढगाची सूचना वैमानिकाबरोबर प्रवाशालाही मिळावी

प्रति,
माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

सविनय नमस्कार. नागपुरात सीताबर्डीला गेली बावीस वर्षे मी विमान आणि रेल्वे तिकिटांचे छोटे कार्यालय चालवतो. माझे बहुतेक ग्राहक आखाती देशांत नोकरीला जाणारे, उमराहला जाणारे किंवा मुलाबाळांना भेटायला निघालेले असतात. नागपुरातून तिकडे थेट जाणारी विमाने मोजकीच असल्यामुळे त्यांतल्या बऱ्याच जणांना आधी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. ज्वालामुखी या विषयावर मी कधी मंत्र्यांना पत्र लिहीन असे वाटले नव्हते, परंतु गेल्या नोव्हेंबरात जे घडले ते आपल्यापर्यंत पोहोचायला हवे, असे मला मनापासून वाटते.

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५ रोजी, आपल्याकडे दुपार असताना, इथिओपियाच्या अफार भागातील हायली गुब्बी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या आधीच्या कोणत्याही उद्रेकाची लेखी नोंद नाही. राख सुमारे चौदा किलोमीटर उंचीपर्यंत गेली, वरच्या वाऱ्यांनी ती तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून पूर्वेकडे ढकलली आणि सोमवारी ती गुजरात-राजस्थानवरून पुढे सरकत रात्री अकराच्या सुमारास दिल्लीच्या आकाशात आली. उद्रेकाचे ठिकाण दिल्लीपासून सुमारे चार हजार किलोमीटर दूर आहे आणि राखेला हे अंतर कापायला तीस तासांहून अधिक वेळ लागला. महोदय, माझे सगळे म्हणणे या तीस तासांबद्दल आहे.

त्या सोमवारी संध्याकाळी मोमिनपुऱ्यातील एक वृद्ध दांपत्य माझ्या कार्यालयात तिकिटाची प्रत घ्यायला आले होते. रात्रीच्या दुरांतोने मुंबई आणि मंगळवारी तेथून जेद्दा, असा त्यांचा पहिलाच परदेश प्रवास होता. आजोबांनी पारपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली होती आणि दर पाच मिनिटांनी त्यांचा हात तिथे जात होता. मी त्यांना निश्चिंत मनाने निरोप दिला, कारण मलाही काही माहीत नव्हते. उड्डाण रद्द झाल्याचा विमान कंपनीचा संदेश रात्री एकनंतर आला आणि तोही माझ्या कार्यालयाच्या ईमेलवर. पहाटे साडेपाचला मी तो पाहिला तेव्हा गाडीने इगतपुरी मागे टाकली होती. फोनवर आजोबांनी एवढेच विचारले, की आता परतीची गाडी धरायची की इथेच थांबायचे. या साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, कंपनीच्या मदत क्रमांकावर नव्हते आणि कोणत्याही सरकारी पानावर मला समजेल अशा भाषेत सापडले नाही. दोन रात्री त्यांनी कुर्ल्यात एका नातेवाइकाच्या घरी काढल्या, तिसऱ्या दिवशी विमान मिळाले. मक्केतल्या खोलीचे दोन दिवसांचे भाडे बुडाले.

उड्डाण रद्द झाले याबद्दल माझी तसूभरही तक्रार नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो. ज्वालामुखीची राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती खडक आणि काच यांची धारदार भुकटी असते. जेट इंजिनाच्या आतील तापमान या काचेच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा जास्त असते, त्यामुळे आत शिरलेली राख वितळते, टर्बाइनच्या पात्यांवर थर धरून घट्ट होते, हवेचा मार्ग कोंडतो आणि इंजिन बंद पडते. २४ जून १९८२ रोजी जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाची चारही इंजिने अशीच बंद पडली होती. विमानात २६३ माणसे होती. सदतीस हजार फुटांवरून ते विमान इंजिनांविना तरंगत खाली आले, राखेबाहेर पडल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि वैमानिकांनी ते जाकार्ताला उतरवले, तेव्हा समोरची काच राखेने घासून इतकी धूसर झाली होती की त्यातून धावपट्टीही नीट दिसत नव्हती. डिसेंबर १९८९ मध्ये अलास्कावर केएलएमच्या विमानाचीही हीच गत झाली. विमानातील हवामान रडारला कोरडी राख दिसत नाही आणि रात्री डोळ्यांनाही दिसत नाही. म्हणून ज्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबरात उड्डाणे थांबवली, मार्ग वळवले आणि राखेच्या पट्ट्यातून गेलेली विमाने तपासून घेतली, त्यांनी आपले कर्तव्य बजावले.

वैमानिकासाठी जगाने उत्तम व्यवस्था उभी केलेली आहे. जगभरात नऊ राख सल्ला केंद्रे आहेत. इथिओपियातील राखेवर फ्रान्समधील टूलूझचे केंद्र लक्ष ठेवते, अंदमानाकडचा भाग ऑस्ट्रेलियातील डार्विनचे केंद्र पाहते. उद्रेक झाला की राख किती उंचीवर आहे, कोणत्या दिशेला सरकते आहे आणि पुढच्या सहा, बारा, अठरा तासांत कुठे असेल, याचे पत्रक ही केंद्रे काढतात. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही २४ नोव्हेंबरला कंपन्यांना आणि विमानतळांना सूचना दिल्या: बाधित उंची टाळा, इंजिनात काही वेगळे जाणवले किंवा केबिनमध्ये वास आला तर लगेच कळवा, धावपट्टी तपासा. हे सगळे वेळेवर झाले. सल्ला केंद्रांची पत्रके तर संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. अडचण इतकीच, की ती इंग्रजी मोठ्या अक्षरांतील संक्षेपांत आणि ग्रीनिच वेळेत लिहिलेली असतात आणि वैमानिक, नियंत्रक, हवामानतज्ज्ञ सोडून इतर कोणाला त्यांतून काही कळत नाही. साखळी विमान कंपनीपर्यंत पोहोचते आणि तेथे थांबते. ज्या माणसाचे घरदार त्या विमानाच्या वेळेवर बेतलेले आहे, त्याच्यासाठी पुढची कडी जोडलेलीच नाही.

ही पोकळी अफवेने भरून निघाली. सोमवारी रात्री आमच्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप समूहावर विषारी पाऊस पडणार, घराबाहेर पडू नका, पाणी भरून ठेवा, असे संदेश फिरत होते. राख फार उंचावरून जात होती आणि जमिनीवरील हवेवर तिचा विशेष परिणाम होणार नव्हता. मंगळवारी संध्याकाळपर्यंत ती भारताबाहेर जाईल असे हवामान विभागाने सांगितलेही होते. पण हे वाक्य माझ्यापर्यंत दूरचित्रवाणीच्या ओरडणाऱ्या पट्टीतून, निम्मेअर्धे आणि उशिरा आले.

सूचना देणे म्हणजे केवळ रंग किंवा आकडा जाहीर करणे नव्हे, हे इतर देश फार मोठी किंमत मोजून शिकले आहेत. जपानमधील ओन्ताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शनिवारी, ऐन जेवणाच्या वेळी उद्रेक झाला. शिखरावर पानगळीचे रंग पाहायला आलेल्या गिर्यारोहकांची गर्दी होती, त्यांतील ६३ जण दगावले किंवा बेपत्ता झाले. त्या दिवशी पर्वताची सूचना-पातळी सर्वांत खालची, म्हणजे एक होती, आणि तिच्यापुढे शब्द होता 'सामान्य'. त्याआधीच्या आठवड्यांत भूकंपाचे बारीक धक्के वाढले होते व त्याची माहितीही दिली गेली होती, परंतु 'सामान्य' हा शब्द वाचून डोंगर चढणाऱ्याने आणखी काय समजावे? पुढच्याच वर्षी जपानने तो शब्द काढून टाकला आणि हा ज्वालामुखी जिवंत आहे याचे भान ठेवा, अशा अर्थाचे शब्द तेथे घातले. न्यूझीलंडमध्ये व्हाकारी या ज्वालामुखी बेटाची सूचना-पातळी १८ नोव्हेंबर २०१९ रोजी वाढवून दोनवर नेली होती, तरी पर्यटकांच्या बोटी जातच राहिल्या आणि ९ डिसेंबरच्या उद्रेकात बेटावरील ४७ जणांपैकी २२ जणांचा जीव गेला. कोलंबियात १९८५ साली नेव्हादो देल रुईझ या ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा उद्रेकाच्या महिनाभर आधी तयार होता. आर्मेरो गाव त्यात धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेले होते, तरीही १३ नोव्हेंबरच्या रात्री सुमारे तेवीस हजार माणसे चिखलाच्या लोंढ्याखाली गेली.

याउलट फिलिपीन्समधील पिनाटुबोचे पाहा. १९९१ च्या त्या प्रचंड उद्रेकाआधी तेथील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पाच पायऱ्यांची सोपी सूचना-पद्धत ठरवली आणि ज्वालामुखी नेमके काय करतो हे दाखवणारी चित्रफीत अधिकाऱ्यांना व गावकऱ्यांना दाखवत ते फिरले. १५ जूनच्या मुख्य स्फोटापूर्वी हजारो लोक बाहेर काढले गेले होते. किमान पाच हजार जीव त्यामुळे वाचले असा अंदाज आहे. उपकरणे महत्त्वाची होतीच, पण त्यांचे बोलणे माणसाच्या बोलीत आणण्याचे काम तेथे कोणीतरी स्वतःच्या अंगावर घेतले होते.

महोदय, आपल्या देशातही एक जिवंत ज्वालामुखी आहे. अंदमान समुद्रातील बॅरन बेट पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, सुमारे १४० किलोमीटरवर आहे. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला, त्यानंतर अधूनमधून धुमसत राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्येही त्याचे छोटे उद्रेक झाले. बेटावर वस्ती नाही हे आपले भाग्य. पण आसपासच्या पाण्यात मासेमारी होते, पर्यटकांना तो जहाजातून दाखवला जातो आणि नागपुरातूनही दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जाणारी कुटुंबे मी स्वतः पाठवतो. ग्राहकाने मला विचारले, की आज तिकडे जहाज नेणे सुरक्षित आहे का, तर मी कुठे पाहावे? व्हाकारीच्या बोटी चालवणारेही माझ्यासारखेच व्यावसायिक होते आणि त्या दिवशी ग्राहकांबरोबर त्यांची स्वतःची माणसेही दगावली. बॅरन बेटाची सद्यस्थिती सांगणारे, ठरावीक दिवशी अद्ययावत होणारे एक सरकारी पान हिंदी, इंग्रजी, बंगाली, तमिळ आणि मराठीत असावे, ही माझी पहिली मागणी आहे. भूविज्ञान आणि खाण मंत्रालयांशी बोलून ती पूर्ण करणे आपल्याला शक्य आहे.

दुसरी मागणी राखेच्या ढगाबाबत आहे आणि माझ्या मते तीच अधिक निकडीची. टूलूझ किंवा डार्विनचे पत्रक आपल्या हवाई हद्दीला लागू होताच, भारतीय हवामान विभाग आणि महासंचालनालय यांनी मिळून सामान्य माणसासाठी एक निवेदन काढावे. राख कोणत्या राज्यांवरून, किती उंचीवरून, साधारण कधीपर्यंत जाणार. जमिनीवर त्रास होईल की नाही. कोणत्या मार्गांवर उड्डाणे रद्द होण्याची शक्यता आहे. आणि पुढचे निवेदन किती वाजता येईल. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे, कारण पुढची बातमी कधी येणार हे कळले की माणूस थांबायचे की निघायचे हे स्वतः ठरवू शकतो. यासाठी नवीन यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. विदर्भातला शेतकरी आज यलो आणि ऑरेंज अलर्ट म्हणजे काय हे जाणतो, वीज कुठे पडू शकते हे 'दामिनी' ॲपवर पाहतो आणि 'सचेत' या सरकारी आपत्ती-सूचना सेवेचे संदेश थेट मोबाइलवर येतात. याच वाटेने राखेची सूचनाही येऊ द्यावी. फक्त वैमानिकांसाठी वापरले जाणारे रंग जसेच्या तसे लोकांपुढे ठेवू नयेत. विमान वाहतुकीचा लाल म्हणजे गावाला लाल असे नसते, आणि त्या गोंधळातून पुन्हा विषारी पावसाचे संदेश जन्मतील.

तिसरी गोष्ट नियमाची. नैसर्गिक आपत्तीमुळे उड्डाण रद्द झाले तर कंपनीवर भरपाईचे बंधन राहत नाही, तिकिटाचे पैसे परत किंवा पर्यायी उड्डाण एवढेच मिळते. हे मला न्याय्य वाटते, कारण राख कंपनीने पाठवलेली नसते. परंतु भरपाईतून सूट मिळते तेव्हा वेळेवर कळवण्याची जबाबदारी अधिक काटेकोर व्हायला हवी. राखेची शक्यता कंपनीला कळल्यापासून ठरावीक तासांच्या आत, उड्डाण रद्द झालेले नसले तरी, प्रवाशाच्या स्वतःच्या मोबाइलवर सावधगिरीचा संदेश गेलाच पाहिजे. येथे आमच्या व्यवसायाचाही दोष मी कबूल करतो. सोयीसाठी आम्ही अनेकदा आरक्षणात कार्यालयाचाच क्रमांक टाकतो आणि मग संदेश रात्रभर आमच्या बंद दुकानात पडून राहतो. नोव्हेंबरनंतर मी ही सवय मोडली. देशभरातील तिकीट विक्रेत्यांवर प्रवाशाचा क्रमांक देण्याची सक्ती करावी; काही जण कुरकुर करतील, पण ही सक्ती योग्य आहे.

नागपुरातून हे मागण्याला आणखी एक कारण आहे. माझ्या दुकानातून सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी दिसते. ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या शिलारसाचा काळा बेसाल्ट आहे आणि दख्खनच्या त्या अफाट थराची पूर्वेकडची कड आमच्या शहराखालूनच जाते. येथे आता कोणताही ज्वालामुखी धोका नाही, तरी हा दगड समजणारी माणसे येथे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय सेमिनरी हिल्सला आहे, प्रादेशिक हवामान केंद्र आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी आहे, विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात विमानांच्या दुरुस्तीचा तळ आहे. मराठी आणि हिंदी निवेदनाचा मसुदा तयार करून तो विमानतळावरील हमाल, टॅक्सीचालक, तिकीटवाले आणि प्रवासी यांना वाचायला देऊन कोणता शब्द अडतो हे तपासायचे असेल, तर त्यासाठी नागपूरइतकी सोयीची जागा मला तरी दिसत नाही. त्या तपासणीसाठी मी व माझे सहव्यावसायिक आमचा वेळ विनामोबदला द्यायला तयार आहोत.

२४ ते २७ नोव्हेंबर या काळात माझ्या कार्यालयातील अकरा प्रवाशांना कोणता संदेश, कोणाकडून, किती वाजता मिळाला याची तासवार नोंद मी ठेवली आहे. आपल्या कार्यालयाने कळवल्यास नावे वगळून तिची प्रत पाठवीन.

आपला विश्वासू,
एक तिकीट व्यावसायिक,
सीताबर्डी, नागपूर