टाकून दिलेली अक्षरं दाखवल्याबद्दल

प्रिय ताई,

देवनागरी टाइपवरचा, म्हणजे छापील अक्षरांच्या घडणीवरचा, माझा प्रबंध गेल्या महिन्यात जमा झाला. आभाराच्या पानावर तुम्हाला एकच ओळ मिळाली. ती पुरेशी नाही, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्या दादरच्या स्टुडिओत मी आले ते तयार फॉन्ट बघायला. तुम्ही कपाटातून काढलेत ते रद्द केलेल्या रेखाटनांचे गठ्ठे. त्यातला 'विद्यार्थ्यांनी' हा एक शब्द माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण झाला. एकाच कान्यावर रफारही बसवायचा आणि अनुस्वारही. मथळ्याच्या आकारात अडचण येत नाही, पण बारीक टाइपात दोन्ही मिळून शाईचा डाग होतो. रफार डावीकडे सरकवला तर तो कुठल्या अक्षराचा ते कळत नाही. अनुस्वार वर चढवला तर वरच्या ओळीतल्या उकाराला भिडतो, आणि लहान केला तर छापताना हरवतो. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तुम्ही नकाराचं कारण लिहून ठेवलं होतं!

तयार फॉन्ट यातलं काहीच सांगत नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे सुबक टाइप आजही जुन्या ग्रंथांत बघायला मिळतात, पण ते घडताना बाद झालेली वळणं छापील पानावर कशी दिसणार?

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधले ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली कला आणि डिझाइनमधल्या संशोधनाचे तीन प्रकार मांडले: कलेविषयीचं, कलेसाठीचं आणि कलाकृती घडवता घडवता होणारं. वाद होतो तो या तिसऱ्यावर. स्टुडिओतलं प्रत्येक काम संशोधन असतं असं मी मानत नाही. पण निर्णयामागचं कारण नोंदवलं आणि दुसऱ्याला ते तपासता, खोडता आलं, तर ते संशोधनच आहे. हे मला तुमच्या कपाटापाशी पटलं.

पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन विभागात, र. कृ. जोशी शिकवतही होते आणि अक्षरंही घडवत होते. संगणकावरचा 'मंगल' फॉन्ट त्यांचाच. दोन्ही एकाच हाताला जमणं दुर्मीळ. आम्हा बाकीच्यांना दुसऱ्याचं दार ठोठवावंच लागतं, आणि सगळीच दारं उघडत नाहीत. धंद्यातली गुपितं कोण कशाला दाखवेल?

तुम्ही दाखवलीत. वर, वाचकांकडून चाचणी घेऊ म्हटल्यावर तुमची सगळ्यात आवडती रचनाच पुढे केलीत. काहींना तिच्यातला रफार चटकन दिसेना, तेव्हा त्यांना नेमकं काय दिसलं ते तुम्ही बारकाईने विचारून घेतलंत आणि रफाराची जाडी बदललीत. चाचणीच्या माझ्या तक्त्यांचा कुणाला तरी उपयोग होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

रेखाटनांखाली तुमचंच नाव छापलं आहे. प्रबंधाची प्रत घेऊन येते. त्या प्रकरणात जिथे पटणार नाही, तिथे पेन्सिलीने खुणा करा. पुढचा लेख त्या खुणांवरूनच लिहायचा आहे.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
एक संशोधक विद्यार्थिनी, मुंबई