माईची समई

फोंडा,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय विनू,

तुझे चार मेसेज आले, मी एकालाही उत्तर दिलं नाही. मेमध्ये तू माईची समई माझ्याकडे ठेवून गेलास ना, दांडा बैठकीत हलतो म्हणून? तो दांडा माझ्या हातून मोडला. दीड महिना झाला. फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून लिहितोय.

त्या दिवशी लेथवर लोखंडाचा शाफ्ट केला होता. कापायचं टूल तेच बांधलेलं, धारेमागे वरून चांगला उतार दिलेलं. संध्याकाळी वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे, समईचे झिजलेले आटे साफ करून टाकू. दांडा चकच्या जबड्यांत धरला, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधारही दिला नाही. अरे, पितळ लोखंडासारखं नसतं हे आपल्याला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. उताराचं टूल पितळ कापत नाही, स्वतःच आत ओढलं जातं. त्यात माझ्या लेथच्या क्रॉस-स्लाइडला, टूल आतबाहेर सरकवणाऱ्या भागाला, ढिलाई आहे. २०१२ला खाणी बंद पडल्यावर वर्कशॉपमधून तो घेतला तेव्हापासूनच आहे. जेवढी ढिलाई, तेवढं टूल एका झटक्यात आत घुसलं. 'कट्' असा आवाज आला आणि आट्यांचा तुकडा पायाशी पडला. बाहेरून तेलाने काळवंडलेला, आतून पिवळाधमक, दाणेदार. तो हातात घेऊन मी किती वेळ बसलो, मला सांगता येणार नाही. देवघरासमोर वाकून वात सारणारी माई दिसत होती.

"आधी भंगारावर चालवून बघ," हे तूच म्हणायचास. फर्मागुडीला शिकताना त्यावरून मी तुला घाबरट म्हटलं आणि पंधरा दिवस आपण बोललो नाही. विनू, तुझं बरोबर होतं. (मात्र तू कानस घासत बसलास तेव्हा सर म्हणाले होते, "सुई करतोस काय रे?" ते मी विसरणार नाही!)

महिनाभर समईला हात लावला नाही. भंगारवाल्याकडून पितळेचा रॉड आणला. टूलच्या धारेवर ऑइलस्टोन फिरवून माथा सपाट केला, उतार शून्य. आता चुरा बारीक दाण्यांसारखा उडतो आणि कापलेली जागा चकचकीत येते. जबड्यांना तांब्याच्या पट्टीचं अस्तर लावतो, म्हणजे दांड्यावर वण उठणार नाही. सहा तुकडे वाया गेले, सातवा मनासारखा झाला. पावसामुळे रोज रात्री लेथच्या बेडवर तेलाचं फडकं फिरवावं लागतं, नाहीतर सकाळी गंज.

आता खरी काळजी सांगतो. मोडलेल्या टोकात भोक पाडून नवा स्टड, म्हणजे आट्यांचा खुंट, बसवता येईल. पण बैठकीतले आटे हाताने पाडलेले आहेत. आटे मोजायच्या थ्रेड गेजचं एकही पान बसत नाही, ना मिमीचं ना इंचाचं. तुटक्या तुकड्यावर मोजले, दहा आट्यांना सुमारे १९ मिमी भरतात. त्या मापाचे आटे लेथवर पाडायला लागणारं गिअर माझ्याकडे नाही. बैठक बोअर करून १२ मिमीचे, १.७५ मिमी पिचचे (आट्याआट्यातल्या अंतराचे) आटे पाडले तर समई जन्मभर हलणार नाही. पण मग त्या कारागिराचा हात त्यातून कायमचा पुसला जाईल. दुसरं म्हणजे आटे तसेच ठेवून त्यांच्याबरहुकूम स्टड हाताने कोरून घासून बसवायचा. वेळ लागेल, थोडं हलेलही. रात्री झोपताना एक ठरवतो, सकाळी दुसरं. समई तुझी आहे, तूच सांग.

गुडघा बरा आहे, साखर ताब्यात आहे. सुमेधाचं कॉलेज सुरू झालं का? नव्या घरात पाणी येतं ना नीट? वहिनींना नमस्कार.

चवथीला महिना राहिलाय. तू येशील तेव्हा तुटलेला तुकडा तुला देईन, डबीत कापूस घालून ठेवलाय. तोवर फोन कर. रागावून केलास तरी चालेल, मी उचलेन.

तुझा,
सुरेश