स्पेनला निघालेल्या बडोद्याच्या मुलांनी स्पॅनिश मराठीतून शिकावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी शिक्षणावर अख्खं पान होतं, फी, लोन, व्हिसा सगळं आलं, पण तिथे उतरल्यावर पहिले तीन महिने पोरं कशी काढतात यावर एक ओळ नव्हती म्हणून लिहायला बसले. मी दांडिया बाजारातली, दोन वर्षं स्पेनमध्ये सेव्हिलला मास्टर्स करतेय, सध्या सुट्टीत घरी आलेय. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ बडोद्याला आले, सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, ५६ पैकी १६ विमानं सेव्हिलहून तयार येणार आणि ४० इथे बनणार असं ठरलेलं, तेव्हापासून ओळखीतली मुलं स्पेनबद्दल फार विचारतात. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, कोर्स इंग्लिशमध्ये आहे ना ताई, मग स्पॅनिश कशाला?

मीही हेच समजून गेले होते. पण वर्गाबाहेर पाऊल टाकलं की इंग्लिश संपतं. स्पेनमध्ये पोचल्यापासून एका महिन्यात परदेशी माणसाच्या ओळखपत्राचा अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायला आधी अपॉइंटमेंट घ्यायची, शिवाय राहत्या पत्त्याची नोंद महापालिकेत करायची ती वेगळीच. माझ्या घरमालकाने तर नोंदणीला सही द्यायलाच नकार दिला, त्याच्याशी धड भांडताही येईना, शेवटी दुसरी खोली शोधली. आणि नावाचा घोळ तर आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा. तिथे माणसाला दोन आडनावं असतात, बहुतेक वेळा आधी वडिलांकडचं, मग आईकडचं, त्यामुळे फॉर्मवर दोन रकाने. माझ्या पासपोर्टवर नावापुढे बाबांचं नाव आहे, काउंटरवरच्या बाईंनी तेच पहिलं आडनाव म्हणून टाकलं, मग बँकेत एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं, निस्तरायला दोन महिने गेले. म्हणून सांगते, पासपोर्टवर आडनावाच्या जागी जे आहे तेवढंच पहिल्या रकान्यात लिहा, दुसरा कोरा सोडा, आणि छापलेला कागद तिथेच उभं राहून वाचा.

खाण्याचंही तसंच. पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये 'वेहेताल' लिहिलेलं सँडविच घेतलं, भाजीचंच असणार म्हणून, पहिला घास घेतला तर आत ट्यूना मासा. मी जन्मात मासे खाल्लेले नाहीत, तिथेच रडू आलं. तिथे नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, हामोन म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, ते वेगळं धरतात, सालमोरेखो नावाचं टोमॅटोचं गार सूप मागवलं तरी वर हामोनचे तुकडे घालून देतात. 'सिन हामोन, सिन आतून', म्हणजे हामोन नको, ट्यूना नको, हे शब्द विमानात बसायच्या आधी पाठ करा. पण त्याच गावात पालक आणि छोल्यांची भाजी मिळते, जिरं घातलेली, ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हा आईच्या हातची आठवली.

आता मुख्य मुद्दा. इथल्या मुलांना स्पॅनिश इंग्लिशमधून शिकवतात आणि तिथेच ती अडकतात. 'मला आंबा आवडतो' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो', आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', म्हणजे हुबेहूब आपलं आवडतो-आवडतात, इंग्लिशमधून समजून घेताना माझ्या वर्गातल्या मुलांना यावर दोन तास लागले, मला दोन मिनिटं. त्यांचे त आणि द आपल्या त-द सारखेच दाताला जीभ लावून. 'मी', 'तू' न म्हणता नुसत्या क्रियापदावरून कोण बोलतंय ते कळतं, तेही आपल्यासारखं. निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, फक्त आपली तीन आणि त्यांची दोन. शिवाय बडोद्याचं पोर घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी असं वाढलेलं असतं, एक भाषा सोडून दुसरी पकडायची सवय त्याला लहानपणापासून आहे.

एक मात्र खरं, क्लासच्या ऑडिओतलं स्पॅनिश आणि सेव्हिलच्या बसमधलं स्पॅनिश यात फरक फार. तिथे शब्दाच्या शेवटचा स गिळतात, 'मास ओ मेनोस' (म्हणजे 'कमी-जास्त')चं 'मा ओ मेनो' होतं. मला घराखालच्या भाजीवाल्या आजींनी शिकवलं, रोज संध्याकाळी सहानंतर, कारण दुपारी दोन-अडीचला बंद झालेलं दुकान संध्याकाळीच उघडायचं. मी एकेक भाजी उचलायची, त्या नाव सांगायच्या, चुकले की परत म्हणायला लावायच्या. मार्चमध्ये रस्त्यावरची संत्र्याची झाडं फुलली तेव्हा त्यांनी फुलांची एक डहाळी हातात ठेवली आणि 'आसाआर' म्हणाल्या. तो शब्द मी वहीत लिहिला नाही, तरी विसरले नाही.

मी ऑगस्टअखेरपर्यंत बडोद्यात आहे. यंदा ज्यांची मुलं स्पेनला निघालीयेत त्यांनी तुमच्या ऑफिसात नाव कळवावं, दर रविवारी सकाळी आमच्या घरी मी मराठीतून स्पॅनिश शिकवीन, पैसे नकोत, वही-पेन घेऊन या आणि पासपोर्टची झेरॉक्स आणा, फॉर्म कसा भरायचा तेही बसून दाखवते.

आपली,
दांडिया बाजारातली एक विद्यार्थिनी, बडोदा